साडीतली मरिया आणि जुव्याचा आंजेलो

अंबरनाथ, प्रतिनिधी : डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांतील इमारतींच्या गॅलऱ्यांत कागदी चांदण्या झळकू लागतात. नोकरीधंद्याच्या निमित्ताने गोव्याहून, मंगळुरूहून, केरळातून आणि वसईच्या पट्ट्यातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे या भागात आता रुळली आहेत. सीरो-मलबार पंथीयांसाठी तर १९८८ मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांतच स्थापन झाला. वस्ती वाढली तशी प्रार्थनास्थळेही वाढली, आणि प्रार्थनास्थळ म्हटले की खिडक्यांना रंगीत काचा हव्यात ही हौसही आली. शिशाच्या पट्ट्यांत जडवलेल्या अस्सल काचचित्रांचा खर्च साऱ्यांनाच झेपतो असे नाही. मग छापील रंगीत फिल्म साध्या काचेवर चिकटवून काम भागवले जाते. उन्हे कलली, की त्या फिल्ममधून निळ्या झग्यातील, पिंगट केसांची, गोऱ्यापान चेहऱ्याची मरिया फरशीवर उतरते. तिच्यासमोर गुडघे टेकून बसलेल्या बायका साड्यांत आणि सलवार-कमीजमध्ये असतात.

या विसंगतीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी एका गोवेकर चित्रकाराचे ते गेले. त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिच्या हातातले पाश्चात्त्य फूल काढून तिथे इथले कमळ ठेवले, आणि त्यापायी त्यांना आपला मुलूख सोडावा लागला. आंजेलो दा फोन्सेका हे त्यांचे नाव. गोव्यातील कलाविश्वाला ते ठाऊक आहे. ज्या महाराष्ट्रात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग काढला, तिथे मात्र ते जवळजवळ विस्मरणात गेले आहे.

काचेवरची पोथी

फोन्सेका यांनी नेमके काय बदलले हे कळायचे, तर आधी या खिडक्या वाचता आल्या पाहिजेत. वाचणे हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सें-दनी येथील मठाधिपती सुजे यांनी आपले मठमंदिर नव्याने उभारताना रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्यांना मानाची जागा दिली. भौतिक प्रकाशाचे बोट धरून मन दैवी प्रकाशाकडे जाते, अशी त्यामागची धारणा होती. पुढच्या शंभर वर्षांत फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये अशा दीडशेहून अधिक खिडक्या लागल्या. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या शेतकऱ्या-कारागिरांनी बायबल वाचले ते या काचांवर. बहुतेक खिडक्या खालून वर वाचायच्या असतात. कथा जमिनीपाशी सुरू होते आणि नजर आपोआप आकाशाकडे जाते.

आपल्याकडे मूर्ती ओळखायला कोणी पाटी लागत नाही. शंख, चक्र, गदा, पद्म दिसले की विष्णू, कमरेवर हात ठेवून विटेवर उभा तो विठ्ठल, हातात मोदक तो गणपती. ख्रिस्ती काचचित्रांची भाषा नेमकी याच रीतीने चालते. हातात किल्ल्या असलेला म्हातारा म्हणजे पेत्र, चाकाशेजारी उभी असलेली राजकन्या ती कॅथरिन, लोखंडी जाळी धरलेला तो लॉरेन्स. या चाकाने आणि जाळीने त्यांचा छळ झाला होता, म्हणून तीच त्यांची ओळख. शुभवर्तमाने लिहिणारे चौघेही चिन्हांनीच कळतात: पंखांचा माणूस तो मत्तय, सिंह तो मार्क, बैल तो लूक आणि गरुड तो योहान. आपल्या छातीत चोच खुपसून पिलांना रक्त पाजणारा पाणपक्षी हे ख्रिस्ताच्या बलिदानाचे रूप. वसईकरांना या भाषेचा एक घरचा दाखलाही ठाऊक असतो. १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर भाल्यांनी मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांच्या प्रतिमेत क्रूस आणि भाले असतात ते याच रीतीने.

मरियेच्या वाट्याला आलेली चिन्हे सर्वांत नाजूक आहेत. देवदूत येशूच्या जन्माची वार्ता घेऊन येतो त्या प्रसंगात पांढऱ्या लिलीचे फूल असते, ते तिच्या निर्मळपणाचे. मध्ययुगीन धर्मचिंतकांना तर काच हीच मरियेची उपमा वाटली. सूर्यकिरण काचेतून आरपार जातो आणि काचेला तडा जात नाही, तसा तिच्या पोटी देव आला, असे ते सांगत. आणि तिचा झगा निळा. युरोपातील चित्रकार हा निळा रंग ज्या दगडापासून करीत तो लाजवर्द अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून जाई आणि सोन्याच्या तोलाने विकला जाई. मातेला सर्वांत मोलाचे वस्त्र द्यावे, हा भक्तीचा भाव त्यात होता. गंमत अशी, की अजिंठ्याच्या लेण्यांतील निळाईही याच लाजवर्दाची आहे. जो निळा रंग आज आपल्याला अस्सल युरोपीय वाटतो, तो पूर्वेकडूनच तिकडे गेलेला.

शिंपल्यांच्या खिडक्यांमागचे बालपण

आंजेलो यांचा जन्म १९०२ चा, गोव्यातील तिसवाडी तालुक्यातल्या सांतो इस्तेव्ह बेटावरचा. मांडवीच्या पाण्याने वेढलेल्या या बेटाला लोक जुवें म्हणतात. भाजीपाल्यासाठी हे बेट पूर्वीपासून नावाजलेले आणि तिथली लांबट, शिरांची भेंडी आजही गोव्याच्या बाजारात नाव सांगून विकली जाते. घर सुस्थितीतले, भावंडांचा गोतावळा मोठा, आणि आंजेलो त्यातले धाकटे.

या मुलाने लहानपणी पाहिलेल्या चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचा असण्याचा संभव कमीच. जुन्या गोव्याची रीत वेगळी होती. समुद्रातल्या चपट्या, पारदर्शकाला लागून असलेल्या शिंपल्यांचे चौकोन कापून ते लाकडी चौकटीत बसवायचे. त्यातून येणारा उजेड दुधाळ, सौम्य असतो; डोळ्यांवर येत नाही. घरांना आणि देवळांनाही अशाच शिंपल्यांच्या खिडक्या असत. पोर्तुगिजांनी वास्तूचा आराखडा युरोपातून आणला, पण उजेड कसा घ्यायचा हे इथल्या सुतारांनी ठरवले. पुढे फोन्सेका यांनी चित्रांत जे केले, त्याचे बीज या खिडक्यांत होते असे म्हणणे कदाचित ओढूनताणून होईल. तरीही त्यांच्या जलरंगांतला उजेड पाहिला, की शार्त्रच्या लखलखीत निळ्या-तांबड्या काचांपेक्षा शिंपल्याची ती तावदानेच आठवतात.

घरच्यांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. त्या काळी गोव्यातील कर्त्या मुलांसाठी मुंबईची वाट ठरलेली. आंजेलो वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईला आले, पण शरीरशास्त्रात मन रमेना. ते सोडून त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला.

जे. जे. आणि अंबरनाथ यांचा एक जुना धागा इथे सांगायला हवा. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले, शिलाहार राजांच्या काळातले आपले शिवमंदिर इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेत भरले, तेव्हा १८६८ मध्ये त्याची रेखाटने आणि प्लास्टरचे ठसे करण्याची कामगिरी जे. जे. च्या चमूवर सोपवण्यात आली होती. वालधुनीच्या काठी बसून विद्यार्थ्यांनी इथल्या शिल्पांचे बारकावे टिपले. म्हणजे भारतीय शिल्पाचा नमुना जे. जे. ला अपरिचित नव्हता. पण वर्गात शिकवली जाई ती प्रामुख्याने युरोपीय अकादमिक शैली: प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून रेखाटन, छायाप्रकाश, यथातथ्य देह. दगडावरची भारतीय परंपरा संग्रहात ठेवायची आणि शिकायचे ते मात्र तिकडचे, हा त्या काळचा शिरस्ता. १९२०च्या दशकात त्याविरुद्ध कुरबूर सुरू झाली होती आणि जे. जे. मध्येही भारतीय धाटणीच्या भित्तिचित्रांचे प्रयोग चालू होते. आंजेलो यांना तेवढ्याने समाधान वाटले नाही. शिकायचे तर भारतीय गुरूकडे, असे ठरवून त्यांनी बंगालची वाट धरली.

शांतिनिकेतनची दीक्षा

शांतिनिकेतनात त्यांना अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्यासारखे गुरू लाभले. अवनींद्रनाथांनी १९०५ मध्ये रंगवलेली भारतमाता प्रसिद्धच आहे. भगवी वस्त्रे ल्यालेली साध्वी, चार हातांत पोथी, धान्याची लोंबी, वस्त्र आणि जपमाळ, मस्तकामागे प्रभामंडळ, पायाशी कमळे. राष्ट्र या अमूर्त कल्पनेला त्यांनी चिन्हांच्या साहाय्याने एका साध्या बंगाली स्त्रीचे रूप दिले होते. ज्या विद्यार्थ्याच्या मनात ख्रिस्ती कथा घोळत होत्या, त्याला या चित्राने काय दाखवले असेल, हे ओळखणे अवघड नाही.

तंत्रही त्यांनी इथलेच उचलले. बंगाल शैलीतल्या चित्रकारांनी जपानी कलावंतांच्या सहवासातून जलरंगाची एक पद्धत बसवली होती. कागदावर रंग द्यायचा, तो पाण्याने भिजवून निथळू द्यायचा, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असे अनेक थर दिले, की कडा विरघळतात आणि चित्रावर पातळ धुके पसरल्यासारखे वाटते. काचचित्राचा स्वभाव याच्या अगदी उलट. तिथे प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापायचा, शिशाच्या काळ्या पट्टीने शेजारच्या तुकड्यापासून तोडायचा. एकीकडे ठसठशीत रेघ आणि झगझगीत रंग, दुसरीकडे मिसळून जाणारी छटा. फोन्सेका यांनी ख्रिस्ती चिन्हे उचलली तेव्हा त्यांच्याभोवतीची ती शिशाची रेघ वगळून उचलली.

शिक्षण संपले तेव्हा गुरूने त्यांना गावी परत जा आणि आपल्या लोकांसाठी चित्रे काढ असे सुचवले, असे सांगितले जाते. १९३०च्या दशकाच्या आरंभी आंजेलो गोव्यात परतले.

लुगड्याचा अपराध

गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. तरुण चित्रकाराने साडी नेसलेली, डोक्यावरून पदर घेतलेली, अनवाणी मरिया रंगवली. येशू, योसेफ, देवदूत सारेच या मातीतले केले. त्यांना वाटले असावे, लोक आनंदतील. झाले भलतेच. धर्मगुरूंमध्ये आणि प्रतिष्ठितांमध्ये नाराजी पसरली. पवित्र मातेचा हा अवमान आहे, ख्रिस्ती प्रतिमेचे हे हिंदूकरण आहे, असा सूर उमटला.

आज हा राग हास्यास्पद वाटतो. पण तो समजून घेण्यासाठी गोव्याचा इतिहास थोडा उकलावा लागतो. १५६० ते १८१२ एवढा काळ, मधला अल्प खंड वगळता, गोव्यात इन्क्विझिशन होते. १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या दैनंदिन जगण्यातल्या कितीतरी गोष्टींवर बंदी घातली. पुरुषांनी पुडवे म्हणजे धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, दारात तुळस लावू नये, लग्नात जुन्या रीती पाळू नयेत. धर्म बदलला म्हणजे वस्त्रही बदलले पाहिजे, हा पाठ कायद्याच्या धाकाने गिरवून घेतला गेला. दोन शतकांनी धाक गेला, पाठ राहिला. साडी हे वस्त्र नुसते वस्त्र उरले नव्हते. ती सोडून आलेल्या घराची खूण झाली होती.

त्यात आणखी एक पदर आहे, आणि आमच्या मते तोच अधिक बोचणारा असावा. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातील उच्चभ्रू बायका झगे घालीत. लुगडे राहिले होते ते शेतात राबणाऱ्या कुणबी, गावडा बायकांच्या अंगावर. मरियेला लुगडे नेसवणे म्हणजे तिला भाटकाराच्या वाड्यातून उचलून मुंडकाराच्या खोपटात नेऊन बसवणे होते. बायबलमधील मरिया सुताराची बायको होती आणि तिचे बाळ गोठ्यात जन्मले, हे दर नाताळला ऐकणाऱ्यांनाही ते चित्रात पाहणे सोसले नाही.

वास्तविक असे काही पहिल्यांदाच घडत होते असेही नाही. इंग्लंडमधून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातच राहून ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत त्यांनी बायबलची कथा पुराणाच्या धाटणीने सांगितली. ख्रिस्ताला मराठी ओवी चालली, मग मरियेला मराठी लुगडे का नको? पण ओवी कानाने ऐकायची असते आणि चित्र वेदीवर टांगायचे असते. डोळ्यांना जे दिसते त्याबद्दल समाज नेहमीच अधिक हळवा असतो.

फोन्सेका यांनी वाद घालत बसण्याऐवजी गोवा सोडला.

पुण्याचा आश्रम, मुंबईचे फादर

पुण्यात शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम होता. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ मध्ये हा संघ स्थापन केला आणि पुढे त्याचे ठाणे पुण्यात आणले. इंग्रज आणि भारतीय बंधू तिथे एकत्र राहत, खादी वापरीत, साधे शाकाहारी जेवण जमिनीवर बसून घेत. आदिवासींमधील कामामुळे पुढे नामवंत झालेले व्हेरियर एल्विन भारतात आले ते याच संघातून. या आश्रमाने फोन्सेका यांना आसरा दिला. यातले औचित्य लक्षात घेण्यासारखे आहे. फोन्सेका अखेरपर्यंत निष्ठावंत कॅथलिक होते आणि आश्रम अँग्लिकनांचा. त्या काळी या दोन पंथांतले लोक एकमेकांच्या उपासनेला जात नसत. स्वतःच्या पंथाने नाकारलेल्या चित्रकाराला दुसऱ्या पंथाने खोली दिली, आणि त्या खोलीत कॅथलिक भक्तीची चित्रे तयार होत गेली.

मुंबईत त्यांना एक भक्कम पाठीराखा भेटला. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासाचे प्राध्यापक फादर हेन्री हेरास. बार्सिलोनाचे हे जेझुइट १९२२ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. १९२६ मध्ये त्यांनी इतिहास संशोधन संस्था स्थापली, तीच आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. सिंधू संस्कृतीच्या लिपीपासून मंदिरशिल्पापर्यंत त्यांचा संचार होता. ख्रिस्ती धर्माने भारतात परका पाहुणा म्हणून राहू नये, त्याचे चर्च, त्याच्या मूर्ती, त्याची चित्रे इथल्या परंपरेतून उगवावीत, असे त्यांचे ठाम मत होते. फोन्सेका यांच्या रूपाने त्यांना आपल्या विचाराचा हात सापडला. त्यांनी चित्रे घेतली, संस्थेच्या संग्रहात ठेवली, लोकांना दाखवली आणि चित्रकाराची उमेद टिकवली. पुण्याहून बोरीबंदरला जाणारा लोहमार्ग कर्जत ओलांडून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरवरूनच जातो. आश्रम आणि झेवियर्स यांच्यामधली वाट ती हीच.

हा विचार या दोघांचाच होता असे मात्र नाही. मुंबईत आंजेला त्रिंदाद याही याच सुमारास भारतीय वेशातील मरिया रंगवीत होत्या. रोममध्येही वारे बदलत होते. चीनमध्ये पोपचे प्रतिनिधी म्हणून काम केलेले चेल्सो कोस्तांतिनी मिशन प्रदेशांतील देशी कलेचा हिरिरीने पुरस्कार करीत होते आणि पुढे ते रोममधील धर्मप्रसार खात्याचे सचिव झाले. जे गोव्यातील धर्मगुरूंना पाखंड वाटले, ते रोममध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला हवे होते.

लिलीचे कमळ झाले

फोन्सेका यांच्या चित्रांकडे नीट पाहिले, की ही नुसती वेशभूषेची अदलाबदल नाही हे ध्यानात येते. कपडे बदलणे सोपे होते. कठीण होते ते चिन्हाचा अर्थ न सांडता त्याचे पात्र बदलणे.

लिलीचे उदाहरण घ्या. युरोपातल्या माणसाला पांढरी लिली पाहिली की निर्मळपणा आठवतो, कारण शतकानुशतके ती वेदीवर आणि खिडकीवर पाहिलेली आहे. कोकणातल्या बाईला त्या फुलाचे काय? तिच्या मनात चिखलातून वर येऊनही चिखल न लागू देणारे फूल म्हणजे कमळ. कमळ ठेवले की अर्थ तोच राहतो, किंबहुना अधिक खोल होतो. पण कमळ लक्ष्मीचे, सरस्वतीचे, बुद्धाचेही आहे. ते सारे संदर्भ आपल्याबरोबर घेऊन ते चित्रात येते. टीकाकारांचा आक्षेप नेमका यालाच होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. चिन्ह उसने घेतले की त्याची जुनी नातीही घरात येतात. फोन्सेका यांना ती नाती अडचणीची वाटली नाहीत, एवढाच फरक.

मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा येतो. मरिया सिंहासनावरून उतरून भुईवर बसते. दोन गर्भवती नातलग बायका, मरिया आणि एलिझाबेथ, एकमेकींना भेटतात तो प्रसंग त्यांच्या कुंचल्याला विशेष मानवला. माहेरवाशीण दारात आल्यावर दुसरीने पुढे होऊन तिला जवळ घ्यावे, तशी ती भेट घडते. हे दृश्य समजायला बायबल वाचलेले असावे लागत नाही. मस्तकामागचे प्रभामंडळ मात्र त्यांना बदलावे लागले नाही. गांधारच्या बुद्धमूर्तींपासून ते आपल्याकडे रुजलेलेच आहे.

एक शंका मात्र राहते. फोन्सेका यांच्या स्त्रिया बऱ्याचदा सडपातळ, लांबसडक बोटांच्या, मिटल्या डोळ्यांच्या आहेत. बंगाल शैलीने घडवलेला हा नमुना. वसईच्या सामवेदी बायकांचे लाल लुगडे, त्यांची शेतात रापलेली कांती, खणखणीत आवाज यांना त्यात फारशी जागा नाही. भारतीय म्हणजे अभिजात आणि अभिजात म्हणजे अजिंठा, असा एक अरुंद अर्थ त्या पिढीने धरला होता. देशी ख्रिस्ती कलेने उच्चवर्णीय प्रतिमाच तेवढ्या आपल्याशा केल्या, ही टीका पुढे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी केली, आणि ती फोन्सेका यांनाही काही अंशी लागू पडते. पण कुणब्याचे लुगडे मरियेच्या अंगावर घालण्याचे धाडस त्यांनीच आधी केले होते, हेही त्याच वहीत मांडावे लागेल.

रोमची दाद आणि घराचा संसार

१९५० हे कॅथलिकांचे पवित्र वर्ष. त्यानिमित्त रोममध्ये मिशन प्रदेशांतील कलेचे मोठे प्रदर्शन भरले आणि त्यात फोन्सेका यांची चित्रे मांडली गेली. ज्या चित्रांना स्वतःच्या गावात वेदीजवळ जागा मिळाली नव्हती, ती पोपच्या नगरीत लोकांनी पाहिली. या दादीने गोव्यातील दारे लगेच उघडली असे घडले नाही.

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, त्यांचा विवाह आयव्ही मेनेझिस यांच्याशी झाला. आंजेलो तोवर पन्नाशीला आले होते. आश्रमातल्या ब्रह्मचाऱ्यासारख्या आयुष्याला उशिरा संसार लाभला, एक कन्या झाली. त्यानंतरच्या मरियेच्या अनेक चित्रांसाठी आयव्ही यांचाच चेहरा आधाराला असे. ते अखंड काम करीत राहिले. जलरंग, तैलरंग, मोठी भित्तिचित्रे, लहान रेखाटने मिळून चित्रांची संख्या शेकड्यांत गेली. पैसा मात्र बेताचाच. चर्चकडून येणाऱ्या मागण्या युरोपीय छापाच्या मूर्ती आणि चित्रांनाच असत, कारण भाविकांना त्यांचीच सवय होती. प्लास्टरची रंगवलेली मूर्ती दुकानात तयार मिळते. फोन्सेका यांची मरिया समजून घ्यावी लागते.

१९५५ मध्ये फादर हेरास गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली आणि १९६३ च्या डिसेंबरात तिने उपासनेसंबंधीचा दस्तऐवज संमत केला. चर्चने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून कधी स्वीकारलेली नाही, सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला उपासनेत वाव असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत, कोकणीत होऊ लागली. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. तीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी आंजेलो यांना बोल लागले, ती आता चर्चचे अधिकृत धोरण झाली होती. तेव्हा ते साठी ओलांडलेले होते आणि पुण्यातच होते.

२८ डिसेंबर १९६७ रोजी, नाताळनंतर तिसऱ्या दिवशी, आंजेलो दा फोन्सेका यांचे पुण्यात निधन झाले. चर्चच्या पंचांगात हा दिवस हेरोद राजाने मारविलेल्या निरपराध बालकांच्या स्मरणाचा.

चित्रे परतली

मागे राहिली ती चित्रे. कागदावरचा जलरंग हा मोठा नाजूक ऐवज. दमट हवा, वाळवी, ऊन सारेच त्याचे वैरी. दगडी भिंतीत जडवलेली काच आठशे वर्षे टिकते, हे शार्त्रने दाखवले आहे. पुण्याच्या पावसाळ्यात कागद आठ वर्षे सांभाळणेही कठीण. आयव्ही यांनी सुमारे चार दशके ही चित्रे जपली. ती सुटी सुटी विकली असती तर चार पैसे आले असते, पण संग्रह फुटला असता. या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हा ठेवा गोव्यात पर्वरी येथील जेझुइटांच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्राकडे सोपवला. तिथे त्यांची नोंद झाली, डागडुजी झाली, प्रदर्शने भरली, अभ्यासकांनी लेख लिहिले. साडीतली मरिया पाहायला आता गोव्यातले धर्मगुरूच विद्यार्थ्यांना घेऊन येतात.

मुंबईतला वाटा हेरास इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहे. बदलापूर-अंबरनाथहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे, महापालिका मार्गाने सेंट झेवियर्सपर्यंत पायी चालत जावे, एवढेच ते अंतर. पर्वरीचे केंद्र टेकडीवर आहे. टेकडीच्या पायथ्याशी मांडवी आहे, आणि ती तिथे पोहोचते ती वरच्या अंगाला जुव्याच्या बेटाला वळसा घालून.